फळ्यावरचं नाव

निघण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घेऊ. जिथे जायचं आहे तिथे तुम्ही अकरा वर्षांचे आहात, म्हणून इथून पुढे मी तुम्हाला अहो-जाहो करणार नाही. तुमची पदवी, नोकरी, पासपोर्ट, तुम्हाला येणाऱ्या तीन भाषा, सगळं इथेच ठेवा. तिथे एकच भाषा लागेल, आणि तीही फार दिवस पुरणार नाही.

साल १८७९. सप्टेंबर सरत आला आहे. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात, डाकोटा प्रदेशात, रोझबड नावाची सरकारने आखून दिलेली राखीव वस्ती आहे. तू तिथला. तू लाकोटा आहेस. गोरे लोक तुम्हाला 'सू' म्हणतात. तीन वर्षांपूर्वी लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी लाकोटा आणि त्यांच्या मित्र जमातींनी कस्टर नावाच्या सेनाधिकाऱ्याची तुकडी कापून काढली. वर्षभरात त्याची वसुली झाली. ब्लॅक हिल्सचे डोंगर १८६८च्या तहाने तुझ्या लोकांचे होते, ते १८७७मध्ये सरकारने काढून घेतले. मधल्या काळात, १८७४मध्ये, तिथे सोनं सापडलं होतं. बायसनचे कळप तुझ्या डोळ्यांदेखत विरळ होत चालले आहेत. ठरलेल्या दिवशी सरकारी गोदामासमोर रांग लागते आणि तुझी आई पीठ आणि मांस घेऊन येते. शिकारीवर जगणाऱ्या माणसांच्या वस्तीत रेशनची रांग लागते, तेव्हा मोठी माणसं एकमेकांच्या नजरेला नजर देत नाहीत. हे तुला कळतं. अकराव्या वर्षी एवढं कळतं.

आज वस्तीवर एक गोरा अधिकारी आला आहे. कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट. त्याला मुलं हवी आहेत.

त्याच्या पदरी एक अनुभव आहे. दक्षिणेकडच्या युद्धांत पकडलेले मैदानी जमातींचे योद्धे फ्लोरिडातल्या किल्ल्यात कैदेत होते आणि त्यांच्यावर देखरेखीचं काम त्याच्याकडे होतं. त्याने त्यांच्या बेड्या काढल्या, केस कापले, अंगावर लष्करी गणवेश चढवला, त्यांना इंग्रजी वाचायला शिकवलं, आणि त्यातून त्याचा एक सिद्धांत तयार झाला: माणसात काही कमी नाही, त्याचं 'इंडियनपण' तेवढं काढून टाका, मग तो आपल्यासारखाच. त्या काळातले पुष्कळ गोरे म्हणत होते की या लोकांना मारूनच टाकावं. त्यांच्या शेजारी प्रॅट दयाळू दिसतो, आणि स्वतःच्या नजरेत तो दयाळू होताही. मला या इतिहासात सर्वांत जास्त भीती वाटते ती या दयेची. दुष्ट माणसापासून मूल पळून जाऊ शकतं. तुझं भलं करायला निघालेल्या माणसापासून पळायचं कुठे?

पेनसिल्व्हेनिया राज्यात, कार्लाइल गावी, घोडदळाची एक जुनी छावणी रिकामी पडली आहे. तिथे शाळा काढायची परवानगी त्याला मिळाली आहे. मुलं कुठून आणायची हेही वॉशिंग्टनने सांगितलं: रोझबड आणि पाइन रिज. कारण सर्वांत 'त्रासदायक' लोक तिथे आहेत, आणि मुलं आपल्या ताब्यात असली की बाप शस्त्र उचलणार नाहीत. शाळेचा पहिला पट असा तयार झाला. ती मुलं विद्यार्थी होती, आणि ओलीसही होती.

बैठकीत तुझा बाप पुढच्या ओळीत आहे. तू मागे, मोठ्या माणसांच्या पाठींच्या फटीतून बघतोयस. प्रमुख सिंते ग्लेश्का, गोरे ज्याला स्पॉटेड टेल म्हणतात, आधी साफ नकार देतो. गोरे चोर आहेत, खोटारडे आहेत, त्यांच्या हाती आम्ही मुलं देणार नाही. प्रॅट वाद घालत नाही. तो म्हणतो, तुला वाचता येत असतं तर तू सही केलेल्या कागदावर काय लिहिलंय ते तुला कळलं असतं, आणि कदाचित ते डोंगर आजही तुझे असते.

बैठक गप्प होते. हा घाव वर्मी बसला आहे. सिंते ग्लेश्का आपल्या माणसांशी बोलतो, परत येतो आणि स्वतःची मुलं द्यायला तयार होतो. इतर बाप त्याच्यामागे होकार देतात. तुझाही.

इथे क्षणभर थांब. पुढच्या शतकात या शाळांविषयी जे जे बोललं गेलं, त्यात 'आदिवासी पालकांना शिक्षणाचं महत्त्वच नव्हतं' हे वाक्य हटकून येतं. तू त्या बैठकीत होतास. शिक्षण कशासाठी हवं हे सिंते ग्लेश्काला प्रॅटपेक्षा जास्त स्वच्छ ठाऊक होतं. तह वाचता यावा म्हणून. कुणी पुन्हा फसवू नये म्हणून. आपलं मूल गोऱ्यांसारखं व्हावं म्हणून त्याने ते दिलं नव्हतं.

तुझ्यासोबत ओता क्ते नावाचा मुलगा आहे, साधारण तुझ्याच वयाचा. त्याला शाळा म्हणजे काय ते माहीत नाही, तुलाही नाही. त्याचा हिशेब सरळ आहे: पूर्वेकडे गोऱ्यांच्या मुलखात जायचं म्हणजे बहुधा मरायचं, आणि न डगमगता मरायला गेलो तर वडिलांना मुलगा शूर निघाला असं वाटेल. पुढे मोठेपणी हा ओता क्ते, ल्यूथर स्टँडिंग बेअर या नावाने, आपल्या आठवणी लिहिणार आहे. १८७९ची ही गाडी मुलाच्या डोळ्यांनी आपल्याला दिसते ती पुष्कळशी त्याच्यामुळे.

मिसुरी नदीवरची आगबोट. मग आगगाडी. तू आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसतोस आणि खोलीच्या खोली पळू लागते. वाटेत एका शहरात तुम्हाला खाली उतरवून रस्त्याने चालवतात. दुतर्फा माणसं उभी, काही हसतात, काही युद्धाच्या आरोळ्यांची नक्कल करतात. रात्री दिवे मंद होतात तेव्हा मोठी मुलं आपसात बोलतात: सूर्य उगवतो तिथे पृथ्वीची कड आहे, तिथून आपल्याला खाली ढकलणार. मग ती धीराची गाणी म्हणू लागतात, युद्धावर निघालेले लोक म्हणतात ती. धाकट्यांना झोप येत नाही. तू ओता क्तेच्या खांद्याला खांदा लावून बसतोस. तोही जागाच आहे.

६ ऑक्टोबरच्या मध्यरात्री गाडी कार्लाइलला थांबते. ब्याऐंशी मुलं-मुली उतरतात. त्या रात्रीही गावातले लोक बघायला जमले आहेत. छावणीचं फाटक उघडतं, तुम्हाला एका लांब खोलीत नेतात. पलंग नाहीत, अंथरूण नाही, जेवण नाही. लाकडी जमीन आणि थंडी. घरून आणलेली घोंगडी गुंडाळून तू पडतोस. सकाळ होते आणि कड्यावरून कुणी ढकलत नाही. तू मेलेला नाहीस. याचा तुला आनंद होतो की शूरपणा सिद्ध करायची संधी गेल्याचं वाईट वाटतं, हे तुझं तुलाच नीट कळत नाही.

पुढच्या दिवसांत तुला वर्गात नेतात. भिंतीला काळा फळा आहे आणि त्यावर खडूने पांढऱ्या खुणा केलेल्या आहेत. दुभाषी सांगतो, ही गोऱ्यांची नावं आहेत, प्रत्येकाने एक निवडायचं. एकेकाच्या हातात लांब काठी देतात. नाव वाचता येत नाही, त्याचा उच्चार माहीत नाही, अर्थ माहीत नाही. ओता क्तेची पाळी येते. तो काठी अशी धरतो जणू समोर शत्रू आहे आणि त्याला स्पर्श करून परत यायचं आहे. लाकोटांमध्ये तो मोठा पराक्रम. काठी एका खुणेवर टेकते. बाई ती खूण पट्टीवर लिहितात, पट्टी सदऱ्याच्या पाठीवर शिवून टाकतात. तो आता ल्यूथर.

मग तू. काठी हातात घेतल्यावर तुला आठवतं की तुझ्या नावामागे एक गोष्ट आहे. ते कुणी ठेवलं, का ठेवलं, हे आजी सांगत असे. फळ्यावरच्या खुणांमागे कुठली गोष्ट आहे, कुणास ठाऊक. तू मधल्या ओळीतली एक आखूड खूण दाखवतोस, आखूड आहे म्हणून. पाठीवर पट्टी शिवली जाते. ती तुला स्वतःला दिसत नाही. वर्गातल्या इतर सगळ्यांना दिसते.

काही दिवसांनी न्हावी येतात. एकेका मुलाला आत बोलावतात, तो बाहेर येतो तेव्हा डोकं उघडं. ओता क्ते मोठेपणी लिहितो की आपली पाळी आली तेव्हा त्याला रडू आलं, आणि वाटलं, आता आपण लाकोटा राहिलो नाही, गोऱ्यांची नक्कल झालो. लाकोटा माणूस केस कापतो तो दुःखात, जवळचं कुणी गेलं की. मग तू बाहेर येतोस आणि विचार करतोस: कोण गेलं? घरी काय झालं असेल?

एक थोराड मुलगा न्हाव्यापुढे बसायला तयार होत नाही. प्रॅट तेव्हा इतर जमातींची मुलं आणायला गेला आहे, म्हणून त्या दिवशी त्याला सोडून देतात. रात्री तोच मुलगा उठतो, सुरी घेतो आणि स्वतःचे केस स्वतः कापतो. मग कवायतीच्या मैदानात जाऊन मोठ्याने आक्रोश करू लागतो. केस कापले तर शोक करायलाच हवा. न्हाव्याने ते केलं नव्हतं. त्याचा आवाज ऐकून मुलींच्या इमारतीतून दुसरा आवाज उठतो, मग मुलांच्या. तूही उठून खिडकीशी जातोस आणि तुझ्या तोंडून तोच सूर निघतो. शाळेतली गोरी माणसं घाबरतात. त्यांना वाटतं बंड झालं.

तू दिवसभर रडत होतास असं मात्र समजू नकोस. खिसे असलेले कपडे आणि चालताना करकरणारे बूट मिळाले तेव्हा तुम्ही सगळे हरखून गेलात आणि रात्री उशिरापर्यंत फरशीवर येरझाऱ्या घालत राहिलात. मुलं मुलंच असतात. लाल फ्लॅनेलचे आतले कपडे मात्र अंगाला असे खाजतात की विचारू नकोस. आणि सगळं काही बिगुलावर: उठणं, जेवणं, प्रार्थना, झोपणं. रांगेत उभं राहायचं, पावलाला पाऊल मिळवून चालायचं. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस काम. फाटकाजवळ जाड भिंतींची एक बुटकी इमारत आहे, क्रांतियुद्धाच्या काळातलं दारूगोळ्याचं कोठार. ऐकलं नाहीस तर त्यात कोंडतात.

आणि बोलायचं फक्त इंग्रजीत. आठवड्याच्या शेवटी हजेरीसारखं विचारतात, कोण कोण आपल्या भाषेत बोललं? खोटं बोललास तर ख्रिस्ती धर्माप्रमाणे पाप, खरं बोललास तर शिक्षा. धाकटी बहीण समोरच्या इमारतीत असेल आणि तिला इंग्रजी अजून येत नसेल, तर रविवारी दोघं समोरासमोर उभे राहता आणि काही बोलत नाही.

हे लिहिताना मला आपल्याकडची मुलं आठवल्याशिवाय राहत नाहीत. महाराष्ट्रातल्या आश्रमशाळा कार्लाइल नाहीत. त्या घटनेच्या चौकटीत, आदिवासींच्या हक्काच्या म्हणून उभ्या राहिल्या, पालक आपणहून मुलं पाठवतात, सुट्टीत मुलं घरी जातात, आणि तिथून शिकून डॉक्टर, शिक्षक, आमदार झालेली माणसं आहेत. दोन्ही एकाच मापाने मोजणं अन्याय होईल. पण मेळघाटातलं कोरकू बोलणारं किंवा भामरागडचं माडिया बोलणारं सहा वर्षांचं मूल पहिल्या दिवशी वर्गात बसतं आणि गुरुजींचा एक शब्दही त्याला कळत नाही, तेव्हा त्याच्या पोटात जो गोळा येतो तो वेगळा नसतो. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असं आपल्या घटनेच्या ३५०अ कलमात लिहिलं आहे. ते कलम या मुलांसाठीही आहे.

परत चल. तुला पत्र्याच्या कारखान्यात घातलं आहे, ओता क्तेलाही. कात्रीने पत्रा कापायचा, कडा दुमडायची, कानाला डाख द्यायचा. पेले, कॉफीच्या किटल्या, बादल्या. शेकड्यांनी. हात चिरतात, पण काम जमू लागतं, आणि कामात मन रमतं हेही खरं. माल पेट्यांत भरून जातो तो पश्चिमेकडच्या राखीव वस्त्यांवर. घरी परतल्यावर ओता क्तेला काय दिसलं ते त्याने नोंदवून ठेवलं आहे: या धंद्याचा काही उपयोग नव्हता, कारण वस्तीवर पत्र्याची भांडी हवी तेवढी होती. ती त्यानेच शाळेत बनवून पाठवली होती.

गावातला छायाचित्रकार जॉन चोट अधूनमधून शाळेत येतो. मूल आलं की घरच्या वेशात एक फोटो, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी केस कापून, सुटाबुटात दुसरा. दोन्ही शेजारी शेजारी लावून त्यांच्या प्रती विकल्या जातात आणि वॉशिंग्टनमध्ये पैसा मंजूर करणाऱ्यांच्या टेबलावरही पोचतात. टॉम टोर्लिनो या नावाहो तरुणाची जोडी सर्वांत प्रसिद्ध. दुसऱ्या फोटोत त्याचा चेहराही उजळ दिसतो, आणि त्या काळच्या बघणाऱ्यांना वाटलं, शाळेने त्वचासुद्धा बदलली. तुझाही फोटो काढतात. हलू नकोस म्हणतात.

१८८०चा जून. सिंते ग्लेश्का मुलांना भेटायला येतो, सोबत रोझबडचे इतर बाप. त्याने मुलं दिली होती वाचायला शिकायला. त्याला समोर दिसतात लष्करी गणवेशातली पोरं, बिगुलावर चालणारी, खांदे मागे, हनुवटी वर. या गणवेशाशी त्याचे लोक आयुष्यभर लढले. तो संतापतो. आपल्या सगळ्या मुलांना घेऊन जातो म्हणतो. शेवटी त्याला फक्त स्वतःची नेऊ दिली जातात. तुमची गाडी सुटणार नाही.

एक मुलगा हे मान्य करत नाही. शाळेत त्याचं नाव अर्नेस्ट, व्हाइट थंडर या प्रमुखाचा मुलगा. तो परतणाऱ्यांच्या गाडीत लपून बसतो. सापडतो. त्याला परत आणतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो आजारी पडतो आणि जातो. स्विफ्ट बेअरची मुलगी मॉड, तीही त्याच डिसेंबरात. न्यूमोनिया, क्षय, गर्दीच्या खोल्या, घरापासून दोन हजार किलोमीटर. कुणी खूपच खंगलं तर त्याला घरी पाठवून देतात, आणि ते मूल वाटेत किंवा घरी गेल्यावर मेलं तर शाळेच्या मृतांत मोजलं जात नाही. शाळेच्या मागे एक दफनभूमी होते. शाळेला दफनभूमी लागते, या एका गोष्टीवर तिथल्या मोठ्या माणसांनी काय विचार केला असेल, मला कधीच उमगलेलं नाही.

तुला चार वर्षं पुढे नेतो, १८८४मध्ये. फिलाडेल्फिया, कार्लाइलपासून पूर्वेला सुमारे दोनशे किलोमीटर. तू आता सोळाचा. ओता क्ते इथल्या वॉनामेकरच्या मोठ्या दुकानात कामाला लागला आहे आणि तू त्याला भेटायला आला आहेस. याच वर्षी, याच शहरात, साडी नेसणारी एकोणीस वर्षांची एक मराठी मुलगी डॉक्टरकीचा अभ्यास करते आहे. आनंदीबाई जोशी. तीही घरापासून समुद्रापलीकडे आली, थंडीशी, एकटेपणाशी, आजारपणाशी झुंजली. पण तिने आपलं नाव, आपला वेश, आपलं शाकाहारी जेवण हट्टाने सांभाळलं, आणि वुमन्स मेडिकल कॉलेजने तिला त्यासहित पदवी दिली. तिच्यानंतर तीन वर्षांनी, १८८९मध्ये, त्याच कॉलेजातून ओमाहा जमातीची सुसान ला फ्लेश डॉक्टर होऊन बाहेर पडली आणि आपल्या लोकांत जाऊन काम करू लागली. म्हणजे परक्या देशात, परक्या भाषेत शिकूनही माणूस आपला राहू शकतो. कुणी ते काढून घ्यायला बसलेलं नसलं तर.

संध्याकाळी ओता क्ते तुला एका थिएटरात नेतो. रंगमंचावर लाकोटांचा पुढारी सिटिंग बुल बसला आहे. जाहिरातीत त्याला कस्टरचा मारेकरी म्हटलं आहे. तो उठून लाकोटात बोलतो: आपण वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांना भेटायला निघालो आहोत, लढाया संपल्या, आता मुलांना शिकवायला हवं. मग गोरा दुभाषी उठतो आणि प्रेक्षकांना इंग्रजीत सांगतो कस्टरच्या लढाईची रक्ताळलेली कहाणी, जणू ती सिटिंग बुलनेच सांगितली. त्या सभागृहात दोन्ही भाषा समजणारे बसले आहेत ते तुम्ही दोघं.

सिंते ग्लेश्काला हेच हवं होतं. गोरे काय बोलतात, काय लिहितात, ते समजेल असा आपला मुलगा. तो मुलगा तयार झाला आहे, प्रेक्षकांत बसला आहे, खोटं ऐकतो आहे, आणि त्याला विचारणारं कुणी नाही.

इथे तुमचा माझा अकरा-सोळा वर्षांचा खेळ संपतो. तुम्ही पुन्हा मोठे झालात; पुढचं मोठ्या माणसासारखं ऐका.

कार्लाइलची शाळा १९१८पर्यंत चालली. तिच्या नमुन्यावर देशभर शाळा निघाल्या. पहिल्या वर्षी निदान बापांना विचारलं तरी होतं. १८९३मध्ये काँग्रेसने कायदा करून मूल न पाठवणाऱ्या कुटुंबाचं रेशन बंद करण्याची मुभा दिली. १८९५मध्ये ॲरिझोनातल्या एकोणीस होपी पुरुषांना सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या अल्काट्राझ बेटावर महिनोन्‌महिने कैदेत ठेवलं. त्यांनी मुलांना शाळेत पाठवायला नकार दिला होता. सीमेपलीकडे कॅनडाने अशाच शाळांचं जाळं चर्चच्या हाती दिलं, त्यातून दीड लाखाच्या आसपास मुलं गेली, आणि त्यातल्या शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९०चं दशक उजाडलं. अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याने २०२४च्या अहवालात ४१७ शाळा मोजल्या आणि निदान ९७३ मुलांचे मृत्यू नोंदवले. 'निदान' हा शब्द त्या खात्याचाच. आपलं मूल अशा शाळेत घालायला नकार देण्याचा हक्क अमेरिकेतल्या आदिवासी आईबापांना कायद्याने मिळाला तो १९७८मध्ये.

कार्लाइलच्या छावणीत आज लष्कराचं वॉर कॉलेज आहे. मुलांची दफनभूमी तिथेच आहे, पण मूळ जागी नाही. १९२७मध्ये नव्या बांधकामासाठी ती उकरून दुसरीकडे हलवण्यात आली आणि त्या घाईत अवशेषांची सरमिसळ झाली. काही शिळांवर नावाच्या जागी 'अज्ञात' एवढंच आहे. २०१७मध्ये नॉर्दर्न अरापाहो लोक आपली तीन मुलं न्यायला आले, तेव्हा लिटल प्लूम नावाच्या मुलाच्या शिळेखाली भलत्याच कुणाचे अवशेष निघाले. त्याचा शोध पुढच्या वर्षी लागला.

अर्नेस्ट आणि मॉडसाठी कुणी आलं ते १४० वर्षांनी. २०१५मध्ये रोझबडची काही तरुण मुलं वॉशिंग्टनच्या एका संमेलनाहून परतताना कार्लाइलला थांबली. शिळांवरची नावं त्यांनी वाचली. ती त्यांच्या ओळखीच्या घराण्यांची होती. त्यांनी आपल्या मोठ्यांना विचारलं, यांना आपण घरी का नेत नाही? सहा वर्षं पाठपुरावा झाला. जुलै २०२१मध्ये नऊ मुलांचे अवशेष बायसनच्या कातड्यांत गुंडाळून रोझबडला नेण्यात आले. अर्नेस्ट आणि मॉड त्यांत होते. जी गाडी अर्नेस्टला १८८०मध्ये चुकली, तिच्या वाटेवर ठिकठिकाणी लोक रस्त्याच्या कडेला उभे होते. या वेळी नक्कल करायला कुणी आलं नव्हतं.

ऑक्टोबर २०२४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ॲरिझोनात जाऊन या शाळांबद्दल माफी मागितली. डिसेंबरात कार्लाइल राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालं. दोन्ही गोष्टी योग्य झाल्या. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला विनेबागो जमातीला आपल्या दोन मुलांचे अवशेष मिळावेत म्हणून लष्करावर खटला भरावा लागला. लष्कराचा नियम असा की अवशेष हवे असतील तर मृताच्या सर्वांत जवळच्या हयात नातेवाइकाने अर्ज करावा. जमातीने मागून चालणार नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वयात येण्याआधी मेलेल्या मुलाला वंशज कुठून असणार? त्याच्या मागे फक्त त्याची जमात आहे, आणि ती दारात उभी आहे. या मुलांना घरून नेताना कुणाच्या वंशावळी तपासल्या नव्हत्या. परत देतानाही तपासू नयेत.